मुंबईत जमीन संपली, मग परवडणारं घर येणार कुठून? जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाची पायरीपायरीने वाट

२०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत २,०३० घरं होती आणि अर्ज आले एक लाखाच्या वर. आमच्या सोसायटीतल्या चार पोरांनीही अर्ज भरले होते. एकाचंही नाव लागलं नाही. गंमत अशी की ही चौघं मुलुंड पूर्वेच्या ज्या तीनमजली इमारतीत लहानाची मोठी झाली, तिच्या डोक्यावर अशा चारच काय, चांगली तीस घरं बसतील एवढी जागा कागदावर मोकळी पडून होती. ती बघायला कुणी वर मान केली नव्हती, एवढंच.

मी त्या सोसायटीचा सचिव. गेली काही वर्षं वकील, आर्किटेक्ट, बँक आणि महापालिका यांच्या पायऱ्या झिजवून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. हे कायदेशीर सल्लापत्र नाही, पण सल्ला घ्यायला जाताना काय विचारायचं हे यातून नक्की कळेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मुंबईत मोकळी जमीन मिळेल आणि तिथे स्वस्त घरं होतील, ही आशा सोडून द्या. गिरण्यांच्या जमिनीच्या रूपाने ती संधी एकदा आली होती. १९९१ च्या नियमात गिरणीची एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असं वाटप होतं. २००१ मध्ये नियम बदलला आणि बांधकाम नसलेल्या रिकाम्या तुकड्यापुरतंच वाटप उरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. परळ-लोअर परळला आज काय उभं आहे ते आपण रोज लोकलच्या दारातून बघतो. मिठागरांवर घरं बांधायची चर्चा अधूनमधून होते. पण पावसाचं पाणी जिथे मुरतं तिथे स्वस्त घर बांधायचं म्हणजे गरिबाला पुरात नेऊन बसवायचं, असं माझं मत आहे. उरतं काय? जिथे माणसं आधीच राहतात तीच जागा. भरलेल्या शहरात नवं घर जुन्या घराच्या डोक्यावरच उभं राहतं. मग सगळा प्रश्न एवढाच उरतो की ती वाढीव जागा कुणाच्या पदरात पडते, आणि खाली राहणारा माणूस तिथेच टिकतो की नाही.

हा लेख कुणासाठी, तेही सांगून टाकतो. तुमची इमारत तीस वर्षांहून जुनी आहे, घरं मालकीची आहेत आणि सहकारी सोसायटी नोंदलेली आहे, अशांसाठी. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, पागडीच्या इमारती विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली जातात, म्हाडाच्या वसाहती ३३(५) खाली, झोपडपट्ट्या ३३(१०) खाली. त्यांची गणितं निराळी आहेत. तरी आकार आणि देखभालीबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही लागू पडेल.

परवडणं म्हणजे किती, ते आधी रुपयांत लिहा

‘परवडणारी घरं’ हा शब्द जाहिरातींनी इतका घासला आहे की त्याला अर्थ उरलेला नाही. जीएसटीचा सवलतीचा १ टक्का दर घ्यायचा तर महानगरात घर ६० चौरस मीटरच्या आत आणि ४५ लाखांच्या आत असावं लागतं. मर्यादा २०१९ ची. मुलुंडला ४५ लाखांत काय येतं, हे मला कुणीतरी दाखवावं.

त्यापेक्षा उलटीकडून या. म्हाडाच्या व्याख्येत मुंबई महानगरात अल्प उत्पन्न गट म्हणजे वर्षाला ९ लाखांपर्यंत, महिन्याला ७५ हजार. पगाराचा ४० टक्के भाग हप्त्याला गेला, तर ३० हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८७० रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज मिळेल ३४-३५ लाख. नवरा-बायको दोघंही एवढंच कमावत असतील तर ६९ लाख. वर दहा-बारा लाख स्वतःचे. म्हणजे दोन पगारांच्या घराची धाव ८० लाखांच्या आसपास संपते. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सोसायटीच्या कार्यालयात चिकटवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून बघायचा आहे.

कागद गोळा करा, स्वप्नं नंतर

बहुतेक सोसायट्या इथेच अडकतात. इमारत आपली, पण जमीन? ती अजून जुन्या जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते. मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानुसार सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमच्याकडे चाळीस वर्षं झाली होती. बिल्डर वारला होता, भागीदार कुठे गेले कुणालाच पत्ता नव्हता. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. २००८ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येकाचा नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू (त्या नोंदणीचा सरकारी उतारा) एवढं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका काकांचा मूळ करार देवघराखालच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमच्या खाली सापडला, तोही वाळवीने कडेने खाल्लेला.

कन्व्हेयन्सचं काम चालू असतानाच या चार गोष्टी तपासून घ्या. यातली एकही आड आली तर सगळा हिशेब बदलतो.

मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्रफळ आणि जागेवरचं क्षेत्रफळ जुळतं का, ते मोजणी करून बघा. कुंपण शेजाऱ्याच्या बाजूने दोन फूट सरकलेलं असणं ही मुंबईत नवलाई नाही.

महापालिकेकडून विकास आराखड्याचे शेरे काढा, म्हणजे ज्याला डीपी रिमार्क म्हणतात. तुमच्या भूखंडावर आरक्षण किंवा रस्तारुंदी आहे का, ते त्यात दिसतं.

उंचीची मर्यादा बघा. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या कित्येक इमारती विमानांच्या मार्गाखाली येतात. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, मिळतो, पण वर चढवता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा रस्ता मोजा. खरंच, टेप घेऊन खाली उतरा. २०१८ पासून लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरातला मूळ एफएसआय १ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम (सरकारी शुल्क) भरून मिळणारा किंवा टीडीआरने, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क वापरून, चढवायचा एफएसआय त्यावर मिळत नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर बेरीज २ वर जाते, १२ ते १८ ला २.२, १८ ते ३० ला २.४, त्याहून रुंद असेल तर २.५. यावर ३५ टक्के फंजिबल (एफएसआयच्या वर मिळणारं जादा बांधकाम), आणि जुन्या सभासदांच्या वाट्याच्या फंजिबलला प्रीमियम लागत नाही. म्हणजे एकाच गल्लीत कोपऱ्यावरची सोसायटी सोन्याची आणि आतली मातीची, हे फक्त रस्त्यामुळे होतं. आतल्या सोसायट्यांनी एकटं धडपडण्यापेक्षा शेजारच्या भूखंडांना बरोबर घेऊन रुंद रस्त्याला तोंड मिळवावं. मोठा गट जमला तर ३३(९) खाली समूह विकासही होऊ शकतो, पण त्याला उपनगरात किमान ६,००० चौरस मीटर जागा लागते. एवढ्या सोसायट्यांचं एकमत होणं म्हणजे... असो.

घरात शिरून मोजमाप

कार्पेट एरिया म्हणजे भिंतीच्या आतल्या अंगाने मोजलेली फरशी. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तरीही सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. आमच्याकडे मोजणीला दोन तरुण आले, एकाच्या हातात लेझरचं यंत्र. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात आकडा आला ४४८ चौरस फूट. काकूंनी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. ‘आणि हे?’ गॅलरी त्यांनी ग्रिल लावून बंद केलेली, आत पाण्याचं पिंप, तुळशीची कुंडी, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मंजूर नकाशात ती उघडी होती, म्हणून मोजणीत धरली नव्हती. काकूंच्या मते तीस वर्षं त्या तिथे बसून भाजी निवडतात, म्हणजे ती खोलीच.

आम्ही काय केलं? प्रत्येक घराचं मोजमाप दोन रकान्यांत लिहिलं: मंजूर नकाशानुसार आणि प्रत्यक्षात. दोन्हींवर त्या सभासदाची सही घेतली आणि सभेत ठराव केला की नवं घर मंजूर नकाशाच्या आकड्यावरच ठरेल. सगळ्यांना एकच पट्टी. हे काम बिल्डर किंवा सल्लागार यायच्या आधी करा. नंतर केलंत तर प्रत्येक जण आपापल्या गॅलरीसाठी वेगळा करार मागतो.

ढोबळ हिशेब

आता खरा पसारा. समजा भूखंड १,००० चौरस मीटर, रस्ता १० मीटर, २४ घरं, प्रत्येकी ४५० चौरस फूट. एफएसआय २, म्हणजे २,०००. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे २,७०० चौरस मीटर बांधकाम. त्यातलं साधारण ९० टक्के कार्पेट धरलं तर २,४०० च्या वर येतं. सभासदांना प्रत्येकी ५० चौरस मीटर म्हणजे ५४० फूट दिले, तर १,२०० त्यांच्यात गेले. विकायला उरले साधारण १,२३०, म्हणजे १३ हजार फुटांच्या थोडे वर.

३३(७)(ब) खाली जुन्या सोसायट्यांना दर घरामागे १० चौरस मीटर किंवा सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते प्रीमियमशिवाय मिळतं. ते मी वर धरलेलं नाही. आर्किटेक्टकडून वेगळं काढून घ्या आणि गंगाजळी समजा. राज्य सरकारच्या १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीने स्वतः बांधण्याला, १० टक्के जादा एफएसआय आणि कर्जाच्या व्याजात ४ टक्के सवलत जाहीर झाली. ती लेखी पदरात पडेपर्यंत हिशेबात धरू नका.

खर्चाच्या बाजूला बांधकाम, प्रीमियम, टीडीआर, तीन वर्षांचं भाडं, सल्लागार, व्याज. समजा सगळं मिळून २५ कोटी. ते १३,२०० फुटांवर पसरले तर फुटाला १९ हजारांच्या जरा खाली पडता भाव येतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण पडता भाव काढायची रीत हीच. आणि तो काढल्याशिवाय कुठल्याही बिल्डरसमोर बसू नका, नाहीतर तो सांगेल तेवढाच आपला नफा असं वाटायला लागतं.

घराचा आकार: सगळा खेळ इथेच आहे

उरलेल्या १,२३० चौरस मीटरमध्ये ८० मीटरची, म्हणजे ८६१ फुटांची १५ घरं होतात. किंवा ४० मीटरची, म्हणजे ४३० फुटांची ३०. पहिल्या पर्यायात पडता भाव धरूनही घर दीड कोटीच्या वर जातं. दुसऱ्यात ८१-८२ लाख. वर भिंतीवर चिकटवलेला आकडा आठवा. दोन साध्या पगारांची धाव तिथपर्यंत पोचते. म्हणजे कुठलंही अनुदान न घेता, नुसता आकार अर्ध्यावर आणून घरं दुप्पट झाली आणि दारात उभं राहण्याची किंमतही निम्मी झाली.

बिल्डर लहान घरं का टाळतो? ग्राहक मिळत नाहीत, असं तो सांगतो. म्हाडाच्या सोडतीचे अर्ज बघा आणि ठरवा. लहान घरात स्वयंपाकघरं आणि संडास जास्त, नळाची कामं जास्त, म्हणून बांधकाम थोडं महाग पडतं, हे खरं. पण त्याच्या उलट एक मोठी बचत आहे, जी मला दुसऱ्या आर्किटेक्टने दाखवली. पहिल्याने नाही.

ती म्हणजे पार्किंग. नियमानुसार ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एकच गाडीची जागा लागते. ४५ ते ६० मीटरला दोन घरांमागे एक, ६० ते ९० ला घरटी एक. म्हणजे ८० मीटरच्या १५ घरांना १५ जागा, तर ४० मीटरच्या ३० घरांना आठ. पाहुण्यांच्या गाड्यांचं वेगळं. जुन्या २४ सभासदांना ५० मीटरऐवजी ४५ दिले तर त्यांच्या १२ जागांच्या सहा होतात. एवढ्या फरकाने तळघर किंवा यांत्रिक पार्किंगचा मनोरा रद्द होऊ शकतो, आणि त्या मनोऱ्याच्या दुरुस्तीचा करार आयुष्यभर सभासदांच्या डोक्यावर राहत नाही.

४५ चौरस मीटर म्हणजे ४८४ फूट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण याच्या जरा पुढे दुसरी रेघ आहे. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. ४५० फुटांच्या घरात कर न भरणारा माणूस ५४० फुटांच्या घरात गेला की तो दर वर्षी भरायला लागतो. पाचशेच्या वरच्या ४० फुटांचा आनंद किती दिवस टिकतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या सभेत यावरून दीड तास वाद झाला. जो तो ‘मला किती जास्त मिळणार’ एवढंच विचारत होता. शेवटी त्या पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या. हातात पेन्शनचं पासबुक होतं. म्हणाल्या, ‘मला तेवीस हजार येतात. आत्ता मेंटेनन्स दीड हजार आहे. दोन लिफ्ट, पंप, वॉचमन, जनरेटर धरून नव्या घराचा मेंटेनन्स किती, ते आधी सांगा. हॉल किती मोठा, ते नंतर.’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढच्या सभेपर्यंत आम्ही ते काढलं: फुटाला आठ रुपये धरले तर ५४० फुटांना ४,३२० रुपये, ४८४ ला ३,८७२, वर कर वेगळा. मतदानात ४८४ जिंकलं. उरलेल्या जागेचा फरक कॉर्पसमध्ये, म्हणजे सोसायटीच्या सामायिक निधीत, रोख मिळावा, असा ठराव झाला.

बिल्डर की आपणच?

बिल्डरला दिलं तर जोखीम त्याची आणि विक्रीच्या घरांचा निर्णयही त्याचा. तो ८६१ फुटांची पंधरा बांधणार. आकार आपल्या हातात ठेवायचा असेल तर स्वयंपुनर्विकास हाच रस्ता. सोसायटीच विकासक होते, आर्किटेक्ट, पीएमसी (कामावर देखरेख करणारा सल्लागार) आणि ठेकेदार पगारी नेमते आणि नफा सोसायटीत राहतो. मुलुंड, चारकोप भागात अशा इमारती उभ्या राहिल्या आहेत. जाऊन बघा, तिथल्या पदाधिकाऱ्यांशी बोला, ते भरभरून सांगतात.

पैसा तीन ठिकाणहून येतो. पहिला, कर्ज. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने स्वयंपुनर्विकासासाठी खास योजना काढली आहे. जमीन गहाण पडते, त्यामुळे परतफेडीचं वेळापत्रक विक्रीवर अवलंबून ठेवू नका. विक्री सहा महिने लांबली तरी हप्ता जाईल एवढी फट ठेवा. दुसरा, घरांची आगाऊ विक्री. त्यासाठी महारेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी करावी लागते आणि कायद्याच्या नजरेत सोसायटी प्रवर्तक ठरते. ग्राहकाच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चायचे असतात. तिसरा, ज्यांना जमेल त्या सभासदांची ठेव.

स्पष्ट सांगतो, प्रत्येक सोसायटीने या वाटेला जाऊ नये. रोज दोन तास देतील अशी किमान तीन माणसं नसतील, किंवा खजिनदार आणि अध्यक्ष एकमेकांशी बोलत नसतील, तर बिल्डर बरा. पण तेव्हाही विक्रीतली निदान एक तृतीयांश घरं ४५ मीटरच्या आत असतील, ही अट निविदेत घाला. कुणी अशी अट घालत नाही, म्हणून कुणी देत नाही.

सभा

४ जुलै २०१९ ला सहकार खात्याने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली पुनर्विकासाचे निर्देश दिले. विशेष सर्वसाधारण सभेची १४ दिवस आधी नोटीस, दोन तृतीयांश सभासदांची गणसंख्या, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आणि सभेचं चित्रीकरण. बिल्डर नेमा किंवा स्वतः बांधा, ही शिस्त पाळा. ५१ टक्क्यांवर कायद्याने काम भागतं, माणसांचं भागत नाही. आम्ही नव्वदच्या वर गेल्याशिवाय एकही करार केला नाही. विरोधकांपैकी दोघं खरं तर विरोधक नव्हते. एकाला सुनेच्या नावे घर करायचं होतं, दुसऱ्याला कानाने कमी ऐकू यायचं आणि सभेतलं काहीच कळत नव्हतं. घरी जाऊन बसा. मराठीत लिहिलेलं दोन पानी टिपण द्या. वकिलाची साठ पानं कुणी वाचत नाही.

परवानग्या आणि घर सोडणं

महापालिकेची पहिली मंजुरी म्हणजे आयओडी. तिच्या पूर्ण इंग्रजी नावाचा अर्थ ‘नापसंतीची सूचना’ असा होतो. तिच्यात अटी असतात, त्या पुऱ्या केल्या की पायाचं सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), मग पुढचं सीसी, शेवटी ओसी (राहायला जायचा दाखला). सीसी हातात आल्याशिवाय आणि भाड्याचे पैसे बँकेत वेगळे बाजूला पडल्याशिवाय एकाही सभासदाने चावी देऊ नये. गोरेगावच्या पत्राचाळीची गोष्ट विसरू नका. ६७२ कुटुंबं, करार २००८ चा. घरं रिकामी झाली, काम रखडलं, भाडं बंद झालं, शेवटी म्हाडाला प्रकल्प हातात घ्यावा लागला आणि घरं मिळायला दीड दशक उलटून गेलं. बारा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक म्हणजे सुरक्षा नव्हे. पूर्ण ३६ महिन्यांचं भाडं एस्क्रोत, म्हणजे फक्त त्याच कामासाठी बांधलेल्या बँक खात्यात, ठेवा.

इथे एक बाब कुणी बोलत नाही. जुन्या इमारतीत लीव्ह अँड लायसन्सवर राहणारी माणसं असतात. आमच्याकडे २४ पैकी सात घरं अशी होती: एक रिक्षावाले दादा, नायर रुग्णालयातली एक नर्स, दोन शिक्षक. शहरातली खरी परवडणारी भाड्याची घरं हीच, आणि पुनर्विकासाच्या कागदांत या माणसांचं नाव कुठेच नसतं. त्यातच एका भागात एकदम दहा-बारा सोसायट्या रिकाम्या झाल्या की आसपासची भाडी भडकतात. आम्ही दोनच गोष्टी केल्या: त्यांना सहा महिने आधी लेखी सांगितलं, आणि विक्रीच्या घरांच्या यादीत पहिला नंबर त्यांना दिला. सातपैकी एकाला घेणं जमलं. हा आकडा मला अजून बोचतो. शहराने सरकारी भाड्याची घरं बांधल्याशिवाय तो सुधारणार नाही, सोसायटीच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

विक्रीची घरं कुणाला, कितीला

तीसपैकी वीस बाजारभावाने विका, दहा पडत्या भावाने. बाजार २४ हजार आणि पडता १९ असेल तर वीस घरांतून चार कोटींच्या वर उरतात. तो कॉर्पस. पडत्या भावाच्या घरांसाठी क्रम ठरावात लिहून ठेवा: इथले जुने भाडेकरू, मग सभासदांची मुलं, मग दोन किलोमीटरच्या आत नोकरी करणारे. पाच वर्षं विकायचं नाही, नंतर विकलं तर आधी सोसायटीला विचारायचं, हे करारात बसवून घ्या. वकील कुरकुर करतील, बसवायला लावा.

एक सावधगिरी: रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, येणारी किंमत तुमच्या विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकर खातं तो फरक सोसायटीचं उत्पन्न धरतं. म्हणून पडता भाव ठरवताना सीएला शेजारी बसवा.

नंतर टिकायचं कसं

कॉर्पस सभासदांना वाटून टाकायचा मोह आवरा. आमच्याकडे वाटायचाच असा सूर होता. अर्धा वाटला, अर्धा मुदत ठेवीत, ज्याच्या व्याजातून सामायिक वीज आणि लिफ्टचा करार भागेल. गच्चीवर सौर पॅनल, एकच रंगाचं साधं बाह्यकाम, व्यायामशाळा नाही, लॉबीत संगमरवर नाही. स्विमिंग पूलचा आग्रह धरणाऱ्या सभासदाला आम्ही त्याचा महिन्याचा खर्च चोवीसने भागून दाखवला. तो गप्प बसला.

शेवटचं, ओसी. तिच्याशिवाय सामान आत नेऊ नका. ओसी नसलेल्या इमारतीला पाण्याचा दर जास्त लागतो, बँका कर्ज द्यायला काचकूच करतात आणि ठेकेदाराला पैसे चुकते केले की उरलेली कामं करून घ्यायला तुमच्या हातात काहीच राहत नाही. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातले ५ टक्के ओसीपर्यंत अडवून ठेवा.

आमचं काम सध्या नवव्या स्लॅबवर आहे. काकू डोंबिवलीला भाचीजवळच्या इमारतीत भाड्याने राहतात. तुळशीची कुंडी नेली, बाकी निम्मं सामान अजून खोक्यांत. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात भाडं जमा झालं की त्यांचा फोन येतो. भाड्याबद्दल बोलत नाहीत. ‘गॅलरी नकाशात आहे ना या वेळी?’ एवढंच विचारतात. आहे. मंजूर नकाशात, चार फूट रुंद.